रिकाम्या खोलीचा फोटो

ऑफिसच्या सर्व्हरवर चढणारी प्रत्येक फाइल आधी तपासली जावी, म्हणून कॉम्प्युटरवाल्याने दुपारी अँटीव्हायरस बसवला. व्हायरस सापडला की फाइल अडवून ठेवायची, हा त्याचा नेहमीचा शिरस्ता. आज बोलण्याच्या नादात त्याने ‘साफ करून पुढे पाठवा’ निवडलं.

समोर बसलेल्या, हिशेब बघणाऱ्या काकूंनी चाचणीसाठी मीटिंगच्या खोलीचा सकाळी काढलेला फोटो चढवला. अँटीव्हायरसने त्यातून काहीतरी काढून टाकलं आणि फोटो पुढे पाठवला.

“रिकाम्या खोलीत कसला आलाय रे व्हायरस?” काकू हसल्या.

त्यालाही गंमत वाटली. त्याने दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. टेबल तेच, खुर्च्या त्याच. मूळ फोटोत खोलीचं दार बंद होतं. साफ केलेल्या फोटोत ते सताड उघडं होतं.

त्याने फोटो पुन्हा चढवून पाहिला. पुन्हा तेच.

“काकू, ती खोली आत्ता उघडी आहे का?”

“छे, सकाळी मीच कुलूप लावलंय. किल्ली ही काय.”

खोली त्याच्या पाठीमागेच होती. काकूंनी चष्मा सावरत त्याच्या खांद्यावरून मागे पाहिलं.

“या ना,” त्या अगत्याने म्हणाल्या, “कोण हवंय तुम्हाला?”