परसरामचं गाव आलं

पुढच्या सायकलवरच्या घनश्यामचं चाक समोरून बाजूला झालं आणि परसरामनं घाबरून हँडल आवळलं.

"जा परसरामदादा, तुमचं गाव आलं! आता कोनी तुमच्या समोर येनार नाही!" घनश्याम हसत ओरडला. मागच्या साऱ्या गड्यांनी पायडलं सैल सोडली. शर्यतीतला हा जुना रिवाज. टप्पा ज्याच्या गावातून जातो, त्याला वेशीपासून एकट्याला पुढं सोडायचं. गावानं आपला माणूस डोळे भरून पाहायचा. गाव संपलं की मग पुन्हा ज्याची त्याची ताकद.

मान मोठा होता. पण परसरामला तो नको होता. कारण परसरामला दिसत नव्हतं.

दोनेक वर्षांपासून हातभर अंतरापलीकडं सगळं दूध सांडल्यासारखं पांढरं झालं होतं. नागपूरच्या डॉक्टरनं सांगून टाकलं होतं, आता ही नजर परत यायची नाही. परसरामनं ते घरी-दारी कोणाला म्हणजे कोणाला कळू दिलं नाही. सांगणार तरी कसं? गिरणीनं त्याला कामावर ठेवलं होतं तेच मुळी शर्यतीत गिरणीच्या नावानं सायकल चालवायला. सायकल सुटली की पगार सुटला, गिरणीची खोली सुटली, आणि एवढ्या वर्षांत टप्प्याटप्प्यानं कमावलेलं नाव मातीत गेलं. मग त्यानं युक्ती काढली. समोरच्याच्या मागच्या चाकाला, त्याच्या हलत्या सावलीच्या आणि आवाजाच्या अंदाजानं, चिकटून राहायचं. ते डावीकडं वळलं की आपण डावीकडं, ते उसळलं की समजायचं खड्डा आला. एके काळी बाकीच्यांना ज्याची फक्त पाठ दिसायची, त्या परसरामला आता पोरं 'गोचीड' म्हणून चिडवायची. म्हणू देत! वय झालं, म्हातारा हुशारीनं दम राखतो, असंच सगळ्यांना वाटायचं. तेच बरं होतं.

आणि आज बपेऱ्याहून भंडाऱ्याला जाणारा हा टप्पा नेमका खैरटोल्यातून काढला होता. परसरामच्या खैरटोल्यातून. समोर चाक नाही, काही नाही. नुसता पांढरा उजेड.

बँड वाजू लागला. "जयभीम परसरामदादा!" बौद्धपुऱ्यातली पोरं कुठूनशी ओरडली. डावीकडून की उजवीकडून, तेही त्याला कळेना. कोणीतरी फुलं फेकली, ती तोंडावर आली तेव्हा तो दचकला. मागच्याच महिन्यात सरावाला एकटा निघाला असताना एक बकरी त्याच्या चाकाखाली आली होती. ती किंचाळली तेव्हाच त्याला तिचा पत्ता लागला. इथं तर अख्खं गाव रस्त्यावर होतं. एखादं लेकरू आईचा हात सोडून मध्ये आलं तर? बँडच्या गोंगाटात त्याची किंकाळी तरी ऐकू येईल का? वीस वर्षं घाट उतरताना जो कधी घाबरला नाही, तो आपल्या गावच्या सपाट रस्त्यावर ब्रेकवरून बोटं उचलत नव्हता.

उतरावं. त्याला एकदम सुचलं. उतरावं आणि सायकल हातात धरून चालत जावं. चालायला मनाई नव्हती. गाव म्हणेल, काय माणूस आहे, एवढा मोठा झाला पण गावात पायी आला! गावाच्या पलीकडं घनश्यामचं चाक पुन्हा समोर येईल आणि गोचीड पुन्हा त्याला चिकटेल. कोणाला काही कळायचं नाही. त्यानं ब्रेक आवळला. सायकल थांबली. त्यानं एक पाय जमिनीवर टेकला तेव्हा कुठं त्याच्या जिवात जीव आला.

तेवढ्यात कोणीतरी त्याचं हँडल घट्ट धरलं.

"काहून उतरून राहिला रे?"

आवाज बापाचा होता. मारोतरावांचा.

"बाबा, सोडा!" परसराम दबक्या आवाजात म्हणाला. "बाहेरच्यानं हात लावला का बाद करतात. नोकरी जाईल माही."

मारोतराव हलले नाहीत. पोरगा आपल्याशी बोलतो आहे आणि बघतो आहे भलतीकडंच, हे त्यांनी पाहिलं होतं.

"तुले दिसत नाही ना?"

परसरामचा बांधच फुटला. "नाही दिसत बाबा. काहीच नाही दिसत. पायी जाऊ द्या मले, थोडंसंच. कोनाले समजनार नाही."

"तू कुठं उभा आहे, ठावं आहे? जमीनदाराच्या, त्या मालगुजाराच्या फाटकासमोर." म्हाताऱ्यानं हँडल आणखी आवळलं. "तुह्या जन्माआधीची गोष्ट. विकाची लुगडी सायकलले बांधून बाजाराले निघालो का इथं मले सायकलवरून उतरा लागे. जोडे काखेत अन् सायकल हातात. आपल्या मोहल्ल्यातल्या मानसानं इथून बसून जायचं नाही, असा हुकूमच होता. लाज वाटे, म्हनून तुले कधी सांगतलं नाही. पोरा, डोळे गेले तर जाऊ दे, नोकरी गेली तर जाऊ दे. पन इथं उतरू नको. मी धरतो, तू बस."

मागून जीपमधल्या पंचानं हँडलवरचा तो हात पाहून शिट्टी फुंकली. एकदा, मग पुन्हा, जोरात.

बापाचा हात हँडलवर तसाच राहू देऊन परसरामनं टेकलेला पाय उचलला आणि पायडलवर ठेवला.