कारण विचारलं तरच

“सफरचंद, केळं, द्राक्ष, खुर्ची. यातलं वेगळं कोणतं?”

डॉक्टरबाईंचा प्रश्न ऐकून मुलीच्या जिवात जीव आला. हे तर शेंबडं पोरही सांगेल. बाबांनी मात्र डोळे मिटले, हनुवटी खाजवली आणि चांगला मिनिटभर विचार करून म्हणाले, “केळं.”

डॉक्टरबाईंनी कागदावर फुली मारली. “शर्ट, टोपी, पायजमा, बादली?”

“पायजमा,” बाबा म्हणाले आणि गालातल्या गालात हसले.

आणखी एक प्रश्न, आणखी एक फुली. मग आणखी एक. बस डेपोत बत्तीस वर्षं वेळापत्रकं लावणारा हा माणूस. अडीचशे गाड्यांच्या वेळा त्यांना तोंडपाठ असायच्या. त्यांना आता खुर्ची दिसेना.

महिन्याभरात दोनदा दुधाचं पातेलं जळून कोळसा झालं होतं. बाबा एकटे राहायचे. दुसऱ्या वेळी शेजाऱ्यांनी खिडकीतून धूर पाहिला आणि दादाला फोन केला. दादा काही वाईट नव्हता, लांब होता आणि घाबरला होता. त्याने वृद्धाश्रमाचा फॉर्म भरून पाठवला. डॉक्टरांची सही झाली की घराला कुलूप. तो फॉर्म आता डॉक्टरबाईंच्या फाइलखाली होता. बाबांना यातलं काही सांगायचं नाही, असं भावाबहिणीचं ठरलं होतं.

डॉक्टरबाई तिला बाहेर घेऊन आल्या. “घड्याळ अचूक काढलं त्यांनी. तारीख, वार, पाठ केलेले पाच शब्द, सगळं बरोबर. पण साधा फरक ओळखता येत नाहीये. एकही नाही. मला काळजी वाटते. बसा जरा, मी कागद पूर्ण करते.”

ती बाकावर बसली. पर्समध्ये बाबांचा फोन वाजला. आत फोन नको म्हणून त्यांनी तो तिच्याकडे दिला होता. ‘चारात एक’ नावाचा त्यांचा गट. त्रेसष्ट माणसं, कुणी कुणाला पाहिलेलं नाही. रोज सकाळी कुणीतरी चार शब्द टाकायचं आणि बाकीचे त्यातला वेगळा शोधत बसायचे. बाबांना तिथे सगळे वेळापत्रकसाहेब म्हणत. तिने हा गट कधी उघडून पाहिला नव्हता. रिकामटेकड्यांचे उद्योग, असंच ती म्हणायची.

आता उघडला. अगदी वर कोर्टातून निवृत्त झालेल्या एका कारकुनाने नियम लिहून ठेवले होते. उत्तर आधी द्यावे. कारण कोणी विचारले तरच सांगावे, इतरांची मजा घालवू नये. पहिल्या नजरेला दिसते ते उत्तर देणाऱ्यास भोपळा.

तिने ते तीनदा वाचलं. मग बाबांच्या नावाने टाइप केलं: सफरचंद, केळं, द्राक्ष, खुर्ची.

दातांच्या डॉक्टरने लिहिलं, केळं. स्वेटर विणणाऱ्या एका मावशींनी लिहिलं, द्राक्ष. जहाजावरचा आचारी म्हणाला, सफरचंद, आणि पैजेवर सांगतो. पुन्हा केळं. पुन्हा केळं. कारकुनाने लिहिलं, “आज इतकं सोपं? तब्येत बरी आहे ना, वेळापत्रकसाहेब?” दहा मिनिटांत सतरा उत्तरं आली. खुर्ची एकाचंही नव्हतं.

तिला रडू आलं आणि हसूही. दार न वाजवताच ती आत शिरली.

“बाई, त्यांना कारण विचारा. नुसतं कारण विचारा.”

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. “बरं. केळं का, काका?”

बाबांचा चेहरा फुलला. “विचारलंत बुवा एकदाचं! सफरचंदाच्या झाडाला लाकूड असतं. द्राक्षाच्या वेलाला असतं. खुर्ची तर लाकडाचीच. केळीला कुठे असतं लाकूड?”

“आणि पायजमा?”

“टोपी डोक्यावर ठेवतात, शर्ट डोक्यावरून घालतात, बादली डोक्यावर ओततात. पायजम्याचा डोक्याशी काय संबंध?”

डॉक्टरबाईंनी हसू दाबायचा प्रयत्न केला. जमलं नाही. “अहो, पण खुर्ची दिसली नाही का तुम्हाला?”

“खुर्ची काय, कुणालाही दिसते. मला वाटलं, तुम्ही एवढ्या शिकलेल्या, काहीतरी खोल विचारत असाल.”

“मग दूध का जळलं?”

बाबांनी मान खाली घातली. “त्या दोन्ही दिवशी कोडं अवघड होतं.”

“यापुढे दूध तापून गॅस बंद होईपर्यंत फोन कपाटात,” डॉक्टरबाईंनी बजावलं आणि चारही फुल्या खोडल्या. मुलगी धपकन खुर्चीत बसली. कितीतरी दिवसांनी तिचे खांदे सैल झाले. आता आधी दादाला फोन करायचा.

बाबा मात्र उठेनात. “डॉक्टरबाई, आता एक माझं. माझी खाट, माझी खिडकी, माझं पातेलं आणि तुमच्या फाइलखालचा तो फॉर्म. यातलं वेगळं कोणतं?”

मुलीने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. ते तिच्याकडे बघत नव्हते.

“फॉर्म,” डॉक्टरबाई क्षणाचाही विचार न करता म्हणाल्या आणि तो सही न करताच मुलीच्या हातात परत दिला.

“भोपळा!” बाबांनी काठी उचलली. “पण उत्तर बरोबर आहे.”