ठासणीचं पिस्तूल

"या फेरीत काय करतेस?" यशराजने विचारलं.

"गोळी ठासते," सुनयना म्हणाली.

स्वराज आणि रोहन खो खो हसले. आधीच्या फेरीत तिने दारू भरली होती, त्याच्या आधी नळी पुसली होती. तेवढ्यात या दोघांच्या नव्याकोऱ्या पिस्तुलांनी कळंबोलीच्या लोखंड बाजारातले निम्मे गुंड आडवे केले होते.

सगळं अर्थात नेरूळच्या सिडकोच्या घरात, सतरंजीवर बसून. यशराज गोष्ट सांगणार, बाकीचे तिघं त्या गोष्टीतली माणसं. आपण काय करतो ते तोंडाने बोलायचं, आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा सांगणार. नियमांचं पुस्तक अमेरिकेहून आलेलं, तेही झेरॉक्स. त्यातली पिस्तुलांची चित्रं कापून यशराजने जुन्या लग्नपत्रिकांवर चिकटवून कार्डं केली होती. तीनशे वर्षांपूर्वीची आणि कालपरवाची, सगळी एकाच डब्यात.

ठासणीचं पिस्तूल कुणालाच नको होतं. एक गोळी झाडली की पुन्हा भरायला तीन फेऱ्या! ते सुनयनाच्या वाट्याला आलं, कारण मागच्या रविवारी ती आपल्या रिव्हॉल्वरचं कार्ड घरी विसरली होती. "कार्ड नाही तर हत्यार नाही," असं स्वराजने नियमावर बोट ठेवून सांगितलं होतं, आणि डाव संपेपर्यंत हत्यार बदलता येत नव्हतं. पट्ट्याला पेजर लावून फिरायचा तो. पेजर अजून एकदाही वाजला नव्हता, पण ऐट मात्र होती.

आज बसतानाच त्याने दुसरा बॉम्ब टाकला होता. "सुनयनाचा गोष्टीतला गडी मेला तर तिची जागा माझ्या वर्गातल्या कान्हाला. त्याच्याकडे कॉम्प्युटर आहे यार." यशराज खाली बघत "बरं" म्हणाला होता.

सुनयनाने ठासणीचं कार्ड गुडघ्याखाली सरकवलं होतं. कॉलेज, टायपिंगचा क्लास आणि घरी रोज नवं स्थळ. या सतरंजीवरच तेवढं ती कुणाचीही दारं लाथेने उघडत होती. हे सोडायचं तिच्या जिवावर आलं होतं.

"झालं भरून?" रोहनने डोळा मारला. "का अजून तेलपाणी करायचंय?"

"झालं," ती म्हणाली.

तेवढ्यात यशराजची आई, सत्यभामाकाकू, हळदीकुंकवाचं ताट घेऊन बाहेर आल्या. दारालगत पाट मांडलेला होता. त्यावर काकांचे ट्रकदुरुस्तीचे पाने, जॅक, काकूंची विळी, शिवणाची कात्री.

"खंडेनवमी हाय आज," काकू म्हणाल्या. "तुमची बी हत्यारं आना की रं."

स्वराजला भारी मजा वाटली. त्याने टुणकन उठून आपलं कार्ड पाटावर ठेवलं, मागोमाग रोहनने. काकूंनी दोन्हींवर हळदकुंकू वाहिलं, वर झेंडू ठेवला.

"आनि तुझं गं?"

"माझं भरलेलं आहे, काकू."

काकूंचा हात थांबला. "मग नगं. आमचं मामंजी रानडुकरासाठी ठासनीची बंदूक ठेवायचं. भरलेली कधी पाटाला लावू दिली नाही त्यांनी. आधी रिकामं कर, मग आन."

स्वराज पुन्हा हसला. तेव्हाच यशराजने आवाज खाली आणला. "गोदामाचं दार उघडतं. आतून लोखंड्या येतो. गुंडांचा म्होरक्या."

स्वराजने पाटाकडे हात लांबवला.

"ए! पूजेला लावलेलं हत्यार आज उचलत न्हाईत. उद्या सोनं लुटून आल्यावर."

"काकू, कागद आहे तो!"

"मगाशी होता."

स्वराज यशराजकडे वळला. "समजून चाल ना यार, आहे आमच्याकडे. काय टेन्शन आहे?"

यशराजने आईकडे बघितलं, मग स्वराजकडे. "कार्ड नाही तर हत्यार नाही. तूच म्हणालास."

लोखंड्याने त्याच फेरीत दोघांनाही झोपवलं. उभी राहिली ती एकटी सुनयना.

"इथून मारलीस तर एकोणीस तरी पडायला हवेत," यशराज म्हणाला. "जवळ गेलीस तर सोपं. पण चुकलीस तर तो सोडणार नाही."

"जवळ जाते."

"किती?"

"त्याच्या शर्टाची बटणं मोजता येतील एवढी."

"मग बारा पुरेत."

तिने फासा मुठीत हलवला आणि टाकला. तो सतरंजीवर एकदा उडाला, फरशीवर गेला, टकटक करत पाटाशी पोचला आणि काकूंच्या पायाला लागून थांबला.

"बाहेर गेला! परत टाक!" स्वराज ओरडला.

"पडला तिथे खरा," यशराज म्हणाला. "कुणी हात लावू नका. आई, किती आहेत बघ."

काकूंनी चष्मा नाकावर सरकवला आणि त्या वाकल्या.

"एकावर आठ. अठरा हायती."

सुनयना अशी किंचाळली की खालच्या मजल्यावरून कुणीतरी "काय झालं?" म्हणून हाक मारली. रोहन मेलेला असूनही टाळ्या पिटत होता. इतका आनंद तिला बारावीच्या निकालालाही झाला नव्हता. लोखंड्या पाठीवर पडला, असं यशराजने रीतसर सांगितलं, पण ते ऐकायला कुणी जागेवर नव्हतं.

"कान्हाला सांग," यशराज स्वराजला म्हणाला, "सतरंजी फुल्ल आहे."

स्वराज उगाचच पेजर बघत बसला.

सुनयनाने ओढणी नीट केली. कार्ड दोन्ही हातांत धरून पाटाशी गेली.

"काकू, रिकामं झालं."

काकूंनी ती दोन नवी पिस्तुलं कडेला सरकवली. काकांच्या सगळ्यात मोठ्या पान्याशेजारी ठासणीचं ठेवलं, त्यावर कुंकू वाहिलं, आणि बोटाला राहिलेलं सुनयनाच्या कपाळाला लावलं.