अलार्म वाजेना

आयसीयूचे अलार्म सारखे उगाचच कोकलतात, अशी सिस्टरांची तक्रार होती. इंजिनिअर बाईंनी प्रोग्राममधली चूक शोधणारा डीबगर लावला, अलार्मचा चालता प्रोग्राम क्षणभरापुरता थांबवला आणि त्याच्या पोटात डोकावून पाहिलं. बघतात तर डिस्क गच्च भरलेली. आता डीबगरमधून बाहेर पडा, साफसफाई करा, पुन्हा आत शिरा, एवढा द्राविडी प्राणायाम कोण करणार? त्यांनी आतूनच जुन्या फायली पुसायची कमांड दिली. एंटर दाबला आणि शंका आली. फोल्डर तोच होता ना? की पेशंटांच्या नोंदी गेल्या? त्यांनी तिथूनच एकेक फोल्डर तपासला. मशीन पटापट उत्तरं देत होतं. सगळ्या नोंदी जागच्या जागी होत्या. बाईंचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात सिस्टर हसत दारात आल्या. "मॅडम, तुमच्या हाताला गुण आहे हो! मघापासून एकाही बेडचा अलार्म वाजलेला नाही."

बाई सुखावून स्क्रीनकडे वळल्या. क्षणभरापुरता थांबवलेला प्रोग्राम अजून तसाच थांबलेला होता.