पाणी अकराला जाणार

पाणी अकरा वाजता जाणार होतं आणि इमारतीत कोणी ओरडत नव्हतं.

जिन्यात उभं राहून तिने कानोसा घेतला. ना बादल्यांचा आवाज, ना कुणाची हाक. आठ मजले, बत्तीस घरं आणि सगळीकडे चिडीचूप. तिच्या गावी नळ दिवसाआड तासभर यायचा आणि पाणी आलं की अख्ख्या गल्लीला उठवायचं काम तिचं. लोक तिला भोंगा म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिला ते आवडायचं.

इथे मुलाकडे येऊन तीन आठवडे झाले होते. इथे चोवीस तास पाणी. पहिले चार दिवस तिने तरीही पहाटे उठून होती नव्हती ती भांडी भरली आणि आदल्या दिवशीचं पाणी शिळं म्हणून ओतून दिलं. सून नुसती बघत राहिली. मग तिने तेही सोडलं. किराणा दाराशी येत होता, दिवे माणूस दिसला की आपोआप लागत होते, कपडे मशीनमधून सुकूनच बाहेर पडत होते. राहायचं की रविवारच्या गाडीने परत जायचं, हे तिला आज मुलाला सांगायचं होतं. तिचं जवळजवळ ठरलंच होतं. परत जायचं. जिथे आपल्यावाचून कुणाचं काहीच अडत नाही, तिथे नुसतं बसून खायचं तरी किती दिवस?

"आई, ग्रुपवर आलंय हो सगळ्यांना," सून लॅपटॉपवरची मान वर न करता म्हणाली होती. "टाकी धुणार आहेत, पाचपर्यंत पाणी नाही. आपल्या दोन बादल्या भरल्यात मी."

"आपल्या भरल्यास. बाकीच्यांचं काय?"

"त्यांनाही गेलाय ना मेसेज."

मेसेज येणं वेगळं आणि पाणी भरणं वेगळं, हे हिला कोण सांगणार? तिने पायात चपला सरकवल्या होत्या. लिफ्टचं कार्ड दुसऱ्या मजल्यांवर चालत नव्हतं. आपलं घर सोडून तुम्हाला जायचंय कुठे, असं लिफ्टचं म्हणणं. म्हणून आता ती तिसऱ्या मजल्यावरून जिना चढायला लागली.

चौथ्या मजल्यावरच्या पहिल्या दारात कानात इअरफोनची बोंडं घातलेला एक तरुण आला. "आलाय मेसेज, काकू," म्हणाला आणि गेला. दुसऱ्या दाराची तर बेलच बोलायला लागली.

"कोण पाहिजे? घरी कोणी नाही."

"मग बोलतंय कोण?"

"मी ऑफिसात आहे. काय काम होतं?"

"अकराला पाणी जाणार आहे."

"मेसेज आलाय," बेल म्हणाली.

तिसऱ्या दारातली बाई थँक्यू म्हणाली, पण अशा आवाजात, की पुन्हा येऊ नका. चौथं दार उघडलंच नाही. तिला आता स्वतःचीच लाज वाटायला लागली. या वयात दारोदार फिरून लोकांना माहीत असलेलं सांगायचं, म्हणजे कमालच झाली. पाचव्या मजल्यावर एकच बेल वाजवू आणि गुपचूप खाली जाऊ, असं तिने ठरवलं.

ते दार उघडायला बराच वेळ लागला. तिच्याच वयाची एक बाई समोर उभी होती. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, डाव्या हाताची बाही ओलीचिंब.

"मेसेज आलाय ना? तेवढंच विचारायला आले होते," ती म्हणाली आणि वळलीसुद्धा.

"आलाय. दोनदा वाचला."

ती थांबली. "मग भरलंत?"

बाई हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं. "आत येऊन बघा ना."

सिंकमध्ये एक मोठं पातेलं काठोकाठ भरलेलं होतं. डाव्या हाताने नळ सोडून भरलं खरं, पण एका हाताने ते उचलून बाहेर काढता येईना. आणि ते तिथे होतं तोवर नळाखाली दुसरं काही मावत नव्हतं. ओट्यावर तीन पेले आणि एक किटली भरून ठेवलेली. दिवसभराचं पाणी म्हणून तेवढंच.

"अर्धा तास झाला, त्याच्याकडे बघत उभी आहे," बाई म्हणाली. "भरलेलं ओतून द्यायचा जीव होत नाही."

"कुणाला हाक मारायची नाही का?"

"कुणाला मारू? का ग्रुपवर लिहू, पातेलं उचलायला या म्हणून?"

"सरका," ती म्हणाली.

तिने बाह्या वर सारल्या, दोन्ही हातांनी पातेल्याचे काठ धरले आणि थेंबही न सांडता ते ओट्यावर ठेवलं. तीन आठवड्यांत हातांना पहिल्यांदाच काहीतरी जड लागलं होतं. तिला फार बरं वाटलं. "दुसरं पातेलं कुठे आहे? नसेल तर कुकर द्या. आणि बादली आहे की नाही घरात?"

बादली नव्हती. कपड्यांचा टब सापडला. तो बाथरूमच्या नळाखाली लावून ती कुकरकडे वळली, तेवढ्यात फोन वाजला. खांदा आणि कान यांच्यामध्ये तो धरून तिने नळ मोठा केला.

"आई, रविवारच्या गाडीला एकच सीट उरलीय," मुलगा म्हणाला. "काढू ना?"

"नंतर कर फोन. पाणी जायला वीस मिनिटं राहिलीत."

"अगं, पण सीट जाईल!"

"जाऊ दे," ती म्हणाली. "माझे वरचे तीन मजले अजून राहिलेत."