डीकन आडवा होईना

छत्री फट्‌कन उघडली. खालच्या कुरणातल्या सहा शेळ्या पाय ताठ करून धपाधप आडव्या झाल्या. त्यांची आज परीक्षा नव्हती. ज्याची होती तो डीकन नावाचा बोकड छत्रीकडे बघत शांतपणे रवंथ करत राहिला.

"एक," केंड्रा म्हणाली आणि तिने छत्री मिटली.

केंड्रा शेळी-नोंदणी संघाची तपासनीस. वय चोवीस, चेहरा साठीच्या न्यायाधीशाचा. डीकनचे खुर तिने आधीच पाहिले होते. सुरेख कातरलेले. खालची पापणी ओढून पाहिली होती. आत छान गुलाबी, म्हणजे पोटात जंत नाहीत. हे सगळं लव्हॉनचं काम. दर सहा आठवड्यांनी बोकडाला गुडघ्यांत धरून त्याचे खुर कापायचे, आणि तो जे काही अंगावर करेल ते निमूट धुऊन काढायचं. तिचा नवरा हॉयट प्रूएट याचं काम बोकडाचा अभिमान बाळगणं. ते तो अजिबात आळस न करता करी.

पण या जातीत खुरांना कोण विचारतो? दचकला की अंग आखडून दहा-पंधरा सेकंद लाकूड झाला पाहिजे. लोक त्याला बेशुद्ध पडणं म्हणतात, पण शुद्ध कुठे जात नाही. जाते ती फक्त अब्रू. केंड्राचा नियम साधा होता. तीनदा दचकवायचं. एकदाही ताठला नाही, तर डीकनचं नाव वहीतून खोडायचं. आणि हॉयटच्या आजोबांपासून चालत आलेला प्रूएटांचा वाण तिथेच संपणार होता.

"म्हातारी जनावरं शिकतात ना," हॉयट घाईघाईने म्हणाला. "दचकली तरी पाय फाकवून, कुंपणाला टेकून उभी राहतात. आत ताठलेलीच असतात. तसंच असेल हे."

"हा पाय फाकवून उभा नाही, मिस्टर हॉयट. हा बसलाय."

डीकन खरंच बसला होता.

हॉयट तडक शेडमध्ये गेला आणि लाकडं कापायचं मशीन घेऊन आला. त्याने दोरी ओढली. मशीन असं गरजलं की केंड्राच्या हातातली वही खाली पडली. खालच्या सहा शेळ्या नुकत्याच उठल्या होत्या, त्या परत झोपल्या. डीकनने डोळे मिटले. अंगाई लागल्यावर मिटावेत तसे.

"दोन," केंड्रा वही झटकत म्हणाली.

"अरे, शेडला लागून कोंडलंयस त्याला तीन वर्षं," कुंपणापलीकडून लव्हॉन म्हणाली. ती डीकनला चाटायचं मीठ घेऊन आली होती. "रोज ते मशीन, रोज तो हातोडा, वर तुझा आवाज. मी तेव्हाच म्हटलं होतं, त्याला खाली शेळ्यांजवळ ठेव. इथे त्याचे कान मरतील."

"बोकडाचे कान मरत नसतात, लव्हॉन!" हॉयट ओरडला.

"ओरड अजून! तेवढ्याने पडला असता, तर बिचारा तीन वर्षांत उठलाच नसता!"

केंड्राने घड्याळ पाहिलं. "तिसरी वेळ तुमची, मिस्टर हॉयट. काय करायचं ते करा."

हॉयटने ट्रकच्या भोंग्याकडे पाहिलं. तो रोज सकाळी वाजवायचा. बंदुकीचा विचार केला. ती दर रविवारी रिकाम्या डब्यांवर चालायची. पत्र्याची बादली रोज आपटायची. रेडिओवरचे पाद्रीबाबा रोज नरकाच्या ज्वाळा दाखवायचे. या आठ वर्षांच्या बोकडाने ऐकला नाही असा एकही आवाज आता प्रूएटांच्या घरी शिल्लक नव्हता.

डीकनने जांभई दिली. त्याच्या दाढीला आजोबांच्या पहिल्या बोकडासारखाच मधोमध पांढरा पट्टा होता. हॉयट त्या पट्ट्याकडे बघत राहिला. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती. या चौतीस वर्षांत छप्पर कोणत्या बाजूने गळतं, ट्रक कुठला घ्यावा, त्याच्या भावाला पाहुणा म्हणून किती दिवस ठेवावं, असे शेकडो प्रश्न या आवारात निघाले होते. सगळे मोठ्या आवाजात निघाले आणि मोठ्याच आवाजात संपले. छप्पर अजून गळत होतं.

हॉयटने टोपी काढली. लव्हॉनला वाटलं, मनातल्या मनात बोकडाला निरोप देतोय.

"लव्हॉन," तो म्हणाला. इतक्या हळू की केंड्राला पुढे वाकावं लागलं. "तुझं बरोबर होतं गं. माझंच चुकलं."

डीकन ताड्‌कन उठला. तेवढंच त्याला जमलं. चारही पाय खांबासारखे ताठ झाले, मान आखडली, डोळे विस्फारले, आणि तोडलेलं झाड पडावं तसा तो कुशीवर कोसळला. धूळ उडाली. चारही पाय तसेच ताठ राहिले.

"तीन!" केंड्रा म्हणाली. तिने वहीत नाव पक्कं केलं, मग पेन थांबवलं. "कारणाचा रकाना आहे. कशाने ताठला म्हणून लिहू?"

हॉयटला कुठलं भान. "बघितलंस? पडला! लव्हॉन, पडला गं!" म्हणत तो बायकोकडे वळला.

मिठाचं भांडं हातातून सुटलेलं, दोन्ही पाय फाकवलेले, कुंपणाला घट्ट टेकून लव्हॉन ताठ उभी होती.