उतरती फळी

“आज टाच टेकवू नको,” नबीलाल म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर स्वतःच चपापला.

तमन्ना बाकावर बसून बुटाची नाडी बांधत होती. तिनं मान वर केली. एकवीस वर्षांच्या त्या पोरीनं आजवर बापाच्या तोंडून याच्या बरोब्बर उलटं ऐकलं होतं.

सेरेब्रल पाल्सीमुळं तिचा डावा पाय नुसत्या चवड्यावर पडायचा, टाच अधांतरी. ती तीन वर्षांची असताना डॉक्टरांनी बजावलं होतं की पोटरी ताणत राहा, नाहीतर पाय असाच आखडेल. नबीलाल पुणतांब्याचा सुतार. तो घरी आला आणि त्यानं बाभळीची एक उतरती फळी केली. सकाळ-संध्याकाळ पोरीला तिच्यावर उभं करायचं आणि टाच तळहातानं दाबून धरायची. ती रडायची, त्याचे केस ओढायची, मोठी झाली तशी पाढे म्हणायची. दर वर्षी तो फळीखालची पाचर बोटभर वाढवायचा. ईदलासुद्धा सुट्टी नव्हती. “लाकूड हाय का ती, तासायला?” तिची आई हाजराबी करवादायची. तो टाच दाबून धरायचा. अंगणात, बाजारात, नदीच्या घाटावर पोर चालली की मागून एकच आवाज यायचा, “टाच टेकव.” गल्लीतली पोरं तिला चिडवायलाही तेच म्हणत.

आणि एक दिवस टाच टेकायला लागली. त्याच पायानं तमन्ना चेंडू मारायला शिकली आणि मारता मारता थेट भारताच्या मुलींच्या संघाच्या दारात येऊन उभी राहिली. सेरेब्रल पाल्सी असलेल्या खेळाडूंची फुटबॉल स्पर्धा परदेशात होणार होती. पासपोर्ट आला होता. चौकशीला आलेल्या पोलिसाला हाजराबीनं वाटीभर शीरखुर्मा खाऊ घातला होता.

राहिली होती ती आजची तपासणी, नगरमधल्या एका शाळेच्या सभागृहात. संघाच्या गंधार सरांनी सकाळीच सांगून टाकलं होतं. “पायातला दोष ठरल्यापेक्षा कमी भरला, तर खेळाडू बाद. तमन्ना अगदी काठावर आहे, नबीलालभाई. बसली तर बसली. आणि कुणी सोंग केलेलं उघडं पडलं, तर बंदी.” नबीलालच्या कानांनी काठापर्यंतचं ऐकलं आणि पुढचं सोडून दिलं. उभ्या जन्मात त्यानं कुणाला सूतभर लाकूड कमी दिलं नव्हतं. पण गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, ते काही उगाच नाही.

“अब्बा, हे खोटं हाय,” तमन्ना म्हणाली.

“अर्ध्या तासाचं हाय. मग जल्मभर टेकव.”

तिनं नाडीची गाठ करकचून आवळली. मग उठली आणि आत गेली.

दार अर्धवट लोटलेलं होतं, आत एका कडेला गंधार सर बसले होते. तपासणीला आलेल्या निवेदिता डॉक्टरांनी तिला टेबलावर निजवलं, पाय वाकवून पाहिले, गुडघ्यावर ठोकून पाहिलं. मग चालायला सांगितलं. बाहेर नबीलाल कान देऊन बसला. तिची पावलं ऐकण्यात त्याचे कान मुरलेले होते. उजवं पाऊल पुरं वाजत होतं, डावं अर्धंच. टाच वर होती. पोरगी बापाचं ऐकत होती. त्याला हायसं वाटलं.

“पोटरी चांगली सैल आहे गं,” डॉक्टर म्हणाल्या. “हे आपोआप होत नाही. घरी व्यायाम कोण करून घ्यायचं?”

पावलं थांबली.

“कुणी न्हाई.”

“आई, वडील? कुणीच नाही?”

“न्हाई, डॉक्टर.” तिचा आवाज चिरकला. “माझ्याकडं कुणी ध्यानच दिलं न्हाई.”

नबीलालनं आपला उजवा तळहात उघडला. अंगठ्याच्या बुडाशी एक जुना घट्टा होता. रंध्यानं पडला असं लोक समजायचे. रंध्याचा घट्टा वेगळा, तो बोटांच्या मुळाशी होता. हा टाचेचा होता.

पोरीचं काही चुकलं नव्हतं. बापानं दिलेलं खोटं ती शेवटापर्यंत नेत होती, एक सांधा उघडा न ठेवता. सुताराचीच पोर ती. हेच वाक्य गाठीशी बांधून ती आता विमानात बसणार होती, आणि जिंकून आली तरी ते तिच्याबरोबर घरी येणार होतं. नबीलालला स्वतःची लाज वाटली. इतकी लाज त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

“बरं, शेवटचं एकदा चालून दाखव,” डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

एक पाऊल पुरं, एक अर्धं. एक पुरं, एक अर्धं. सकाळी सोडून दिलेलं सरांचं बंदीचं वाक्य आता नबीलालला लख्ख ऐकू येत होतं. तरी तो उठला आणि त्यानं दार ढकललं.

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. गंधार सर खुर्चीतून अर्धे उठले. तमन्ना सभागृहाच्या मधोमध थबकली होती, डावी टाच उचललेली, चवडा थरथरत होता. बापाचा चेहरा पाहून ती हलकेच मान हलवू लागली. नको, नको.

“टाच टेकव, बेटा,” नबीलाल म्हणाला.

अठरा वर्षांत पहिल्यांदाच ती एका हाकेत टेकली.